चेल्सी हॉटेल नक्की कधी झालं? एका जुन्या इमारतीचे कागद वाचताना

न्यूयॉर्कच्या हॉटेल चेल्सीबद्दल जे काही छापून येतं, त्यात इमारतीचं साल कधी १८८३ असतं, कधी १८८४, कधी १८८५. त्यानंतर हमखास एक वाक्य येतं: १९०५ साली या राहत्या घरांच्या इमारतीचं हॉटेल झालं. पहिल्या तीन सालांचं भांडण कागद उघडले की मिटतं. १९०५ चं मात्र तसं नाही. इमारत ‘हॉटेल झाली’ म्हणजे काय झालं? चालवणारे बदलले? कायद्यानं तिला हॉटेल मानलं? भिंती घालून घरांच्या खोल्या केल्या? की राहणारी माणसं बदलली? या चार गोष्टी चार वेगळ्या दफ्तरांत नोंदल्या जातात आणि त्यांच्या तारखा जुळतीलच असं नाही. आम्ही हा शोध ज्या क्रमानं घेतला तो क्रम, लागणारे कागद आणि जिथे जिथे पाय घसरतो त्या जागा इथे मांडतो आहोत. मॅनहॅटनमधल्या कुठल्याही जुन्या इमारतीला हीच पद्धत चालते. यातलं बरंच काम घरबसल्याही होतं, कारण कितीतरी कागद आता नेटवर आले आहेत.

सुरुवातीलाच इमारतीचं नाव बाजूला ठेवायचं. आधी ती ‘चेल्सी असोसिएशन बिल्डिंग’ होती, मग नुसती ‘द चेल्सी’, पुढे ‘हॉटेल चेल्सी’ आणि बोलण्यात ‘चेल्सी हॉटेल’. त्यात चेल्सी हे अख्ख्या वस्तीचंच नाव, त्यामुळे नावानं शोधलं तर आसपासच्या भलत्याच इमारती हाती लागतात. मुंबईत आपण सिटी सर्व्हे नंबर धरतो, तसा इथे ब्लॉक (रस्त्यांमधला जमिनीचा ठोकळा) आणि लॉट (त्यातला भूखंड) धरायचा. पत्ता २२२ वेस्ट २३ स्ट्रीट. ब्लॉक ७७२, लॉट ६४. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. पुढे प्रत्येक खिडकीवर हेच विचारतात.

लॉटची रस्त्याकडची रुंदी १७५ फूट आणि खोली ९८ फूट ९ इंच. खोलीचा आकडा विचित्र वाटतो, पण मॅनहॅटनमध्ये तो पावलोपावली भेटतो: दोन रस्त्यांमधल्या ठोकळ्याची ती बरोबर निम्मी रुंदी. रुंदीचा आकडा जास्त बोलका आहे. इथला नेहमीचा भूखंड २५ फुटी, म्हणजे १७५ फुटांत असे सात भूखंड बसतात. एवढी जागा एकाच खतानं आली असेल असं धरून चालायचं नाही. सातही पट्ट्यांचा माग काढायचा आणि एक खरेदीखत सापडलं म्हणून हात झटकायचे नाहीत.

खतातली चतुःसीमा आपल्याकडच्यापेक्षा निराळ्या धर्तीची असते. पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला तमक्याचं, असं नाही. रस्त्याच्या दक्षिण कडेवर, अव्हेन्यूच्या कडेपासून इतके फूट इतके इंच अंतरावरच्या बिंदूपासून सुरुवात. मग दक्षिणेकडे इतकं, पश्चिमेकडे इतकं, उत्तरेकडे इतकं आणि परत त्या बिंदूपाशी. हे वाचताना शेजारी कागद घेऊन चौकोन काढत जावं. नुसतं वाचून गेलं तर दोन खतांच्या मधली पट्टी सुटली आहे हे लक्षात येत नाही.

इथे पहिली अडचण येते. ब्लॉकवार अनुक्रमणिका १८९१ पासूनची. त्याआधीचे दस्त देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नावानं लावलेले. चेल्सीची जमीन त्याच्या आधीची, म्हणजे शोधायला आधी नाव हवं; आणि घेणारा कोण हे सगळ्यात सोप्या रीतीनं कळतं ते बांधकामाच्या अर्जावरून. म्हणून जमिनीचं काम अर्ध्यावर सोडून इमारतीच्या दफ्तराकडे जायचं आणि नाव घेऊन परत यायचं. हा हेलपाटा टळत नाही.

न्यूयॉर्कच्या बांधकाम खात्याच्या नोंदी १८६६ पासून सुरू होतात. चेंबर्स स्ट्रीटवरच्या म्युनिसिपल अर्काइव्हजमध्ये ब्लॉक १ ते ९६८, म्हणजे बेटाच्या दक्षिण टोकापासून साधारण ३४व्या रस्त्यापर्यंतचे इमारतींचे नकाशे आणि कागद राखलेले आहेत. ७७२ त्यात बसतो. नव्या इमारतीच्या अर्जाला ‘एनबी’ आणि फेरफाराच्या अर्जाला ‘ऑल्ट’ असा शिक्का, पुढे क्रमांक आणि साल. अर्जाच्या छापील नमुन्यात मालक, वास्तुकार, मजले, लांबी-रुंदी-उंची, पाया, प्रत्येक मजल्यावर भिंतीची जाडी, छप्पर कशाचं आणि अंदाजे खर्च हे सगळं विचारलेलं असतं. राहत्या इमारतीसाठी सगळ्यात मोलाचा रकाना वेगळाच आहे: किती कुटुंबं राहणार. पुढच्या प्रत्येक फेरफाराच्या अर्जात हा आकडा बघत गेलं की घरं कधी तुटू लागली ते दिसतं. ‘कुटुंबं’ हा शब्द जाऊन ‘खोल्या’ येतो, ती जागा तर लाल शाईनं खूण करण्यासारखी.

तीन सालांचं कोडंही इथेच सुटतं. काम सुरू झालं १८८३ मध्ये, लोक राहायला आले १८८४ मध्ये, शेवटचा हात फिरला १८८५ मध्ये. तिन्ही सालं बरोबर आहेत. लिहिणाऱ्यानं कुठली घटना मोजली एवढाच प्रश्न. शहराच्या वारसा आयोगानं १५ मार्च १९६६ रोजी इमारतीला संरक्षण दिलं, आणि त्या काळातले आयोगाचे अहवाल फार आटोपशीर, एक-दोन पानांचे असत. त्यातलं साल अंतिम मानून बाकीच्यांना चूक ठरवू नये.

‘ऑल्ट’ अर्जाबद्दल एक इशारा. अर्ज म्हणजे इरादा, काम नव्हे. अर्ज नामंजूर होतो, मंजूर होऊन पैसे संपतात, किंवा तीन मजल्यांची परवानगी घेऊन एकाच मजल्यावर पार्टिशनं पडतात. म्हणून काम पूर्ण झाल्याचा निरीक्षकाचा शेरा आणि त्याची तारीख शोधायची. शेरा नसेल तर ते काम आपल्या तारखांच्या तक्त्यात पेन्सिलीनं लिहायचं. दुसऱ्या कुठल्या कागदात दुजोरा मिळाला की मगच शाई. फाइल गहाळ असेल तर ‘रिअल इस्टेट रेकॉर्ड अँड बिल्डर्स गाइड’ हे १८६८ पासूनचं साप्ताहिक उपयोगी पडतं. नवे अर्ज, खरेदी-विक्री, गहाणखतं, कंत्राटदारांनी बसवलेले बोजे, सगळं आठवड्याच्या आठवड्याला त्यात छापलेलं आहे. कोलंबिया विद्यापीठानं त्याचे जुने अंक नेटवर ठेवले आहेत. आडनावांची स्पेलिंगं त्यात बेफाम बदलतात, तेव्हा शोधताना पत्ता टाकावा.

आता मूळ इमारत काय होती ते. वास्तुकार ह्यूबर्ट, पिर्सन अँड कंपनी. फिलिप ह्यूबर्ट हा पॅरिसमध्ये जन्मलेला. त्याचे वडीलही वास्तुकार, आणि सामुदायिक निवासाची कल्पना मांडणाऱ्या फूरिएचे अनुयायी. मुलानं न्यूयॉर्कमध्ये ‘होम क्लब’ काढले: काही कुटुंबांनी एकत्र येऊन संस्था करायची, संस्थेनं जमीन घेऊन इमारत बांधायची, प्रत्येक सभासदाला त्याचं घर मिळायचं आणि काही घरं संस्थेकडेच ठेवून भाड्यानं द्यायची. पहिला क्लब ‘रेम्ब्रँट’, ५७व्या रस्त्यावर, १८८१ चा. चेल्सी त्यानंतरची: बारा मजले, लाल वीट, रस्त्याकडे फुलापानांच्या नक्षीचे लोखंडी सज्जे, वरच्या मजल्यावर चित्रकारांचे स्टुडिओ, खाली सामायिक जेवणघरं, मधोमध लोखंडी कठड्याचा जिना आणि त्याच्यावर काचेचं छत.

मराठी वाचकाला ही सहकारी गृहनिर्माण संस्था वाटेल, आणि ते बरोबरच आहे. गावदेवीची सारस्वत संस्था १९१५ साली स्थापन झाली. चेल्सी त्याच्या तीस वर्षं आधीची. पण आपल्या संस्थांपेक्षा एक गोष्ट इथे निराळी होती आणि आमच्या मते हॉटेलचं मूळ तिथेच आहे. संस्थेनं स्वतःकडे ठेवलेल्या घरांच्या भाड्यातून इमारतीचा रोजचा खर्च भागायचा: लिफ्ट, कोळसा, नोकर, कर. म्हणजे सभासदांचं स्वस्त राहणं भाडेकरूंच्या भरवशावर उभं होतं. भाडेकरू येत होते तोवर हिशेब जुळला. १८८० च्या दशकात तेविसावा रस्ता नाटकशाळांचा रस्ता होता. आठव्या अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर ग्रँड ऑपेरा हाउस होतं. मग १८९३ ची मंदी आली, नाटकशाळा उत्तरेकडे सरकत गेल्या आणि ऐपतदार भाडेकरू त्यांच्या मागोमाग. अशा वेळी संस्थेपुढे दोनच वाटा राहतात. एकतर सभासदांच्या खिशाला हात घालायचा, नाहीतर रिकामी घरं वर्षाऐवजी आठवड्यानं, रात्रीनं द्यायची. १९०५ च्या सुमारास संस्था बुडाली आणि इमारत हॉटेल म्हणून चालू लागली, हे त्या हिशेबाचं शेवटचं पान आहे. आधीची पानं न बघता नुसतं ‘१९०५ साली रूपांतर’ लिहिलं की एखाद्या मालकानं सकाळी उठून तसं ठरवलं असं वाटतं.

कायद्याच्या अंगानं पाहिलं तर सगळा खेळ चुलीचा आहे. न्यूयॉर्कच्या १९०१ च्या कायद्यानं ज्या इमारतीत तीन किंवा जास्त कुटुंबं स्वतंत्र राहतात आणि तिथेच आपापला स्वयंपाक करतात, ती ‘टेनेमेंट’. मग ती चाळीसारखी असो की संगमरवरी. तिला उजेड, हवा, जिने, मोकळी जागा यांचे कडक नियम. घरांत स्वयंपाकघर नसेल आणि जेवण खालच्या जेवणघरात, तर तीच इमारत हॉटेल म्हणून मोजली जाते आणि नियम सैल होतात. त्याआधी १८८५ च्या कायद्यानं राहत्या इमारतींची उंची रुंद रस्त्यावर ८० फूट आणि अरुंद रस्त्यावर ७० फुटांपर्यंत बांधून टाकली होती. हॉटेलं त्यातून सुटलेली. चेल्सीच्या नकाशांना आधीच मंजुरी होती म्हणून बारा मजले उभे राहिले. दोन वर्षं उशीर झाला असता तर ‘राहती घरं’ म्हणून ती इमारत बांधताच आली नसती. शिवाय १८९६ चा रेन्स कायदा होता: रविवारी दारू फक्त हॉटेलात, आणि हॉटेल म्हणजे किमान दहा खोल्या. त्यानं शहरात नावापुरती हॉटेलं उगवली. म्हणून त्या काळच्या कागदावर ‘हॉटेल’ शब्द दिसला की लगेच पाहुणे, सामान आणि घंटी डोळ्यांसमोर आणू नयेत. आधी विचारावं: हा शब्द कुठल्या कायद्यासाठी लिहिला आहे?

जुन्या नकाशात स्वयंपाकघर कसं ओळखायचं? खोलीच्या नावावर विसंबू नये. धुराडं, पाण्याचा उभा नळ आणि मागच्या बाजूची सामान चढवण्याची छोटी लिफ्ट, या तिन्ही जवळ आल्या की तिथे चूल होती किंवा होण्याची सोय होती. पुढच्या नकाशात त्याच जागी न्हाणीघर दिसतं, कारण नळ तयारच असतो. घराच्या खोल्या झाल्याची ही सगळ्यात खात्रीची खूण.

माणसांचा शोध जनगणनेत. अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी नावांसकट खुली होते. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. चेल्सीला उपयोगी पडेल अशी पहिली जनगणना १८९० ची असती, पण ते कागद १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळे गेले. त्याच्या जागी १८९० मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी केलेल्या शिरगणतीच्या वह्या शोधाव्यात; त्यात पत्त्यावार नावं, वय आणि स्त्री की पुरुष एवढंच आहे, पण बिऱ्हाडं मोजायला तेवढं पुरतं. मग १९००, १९१०, १९२०, १९३०, १९४०. आणि मधे न्यूयॉर्क राज्याची स्वतःची जनगणना: १९०५, १९१५, १९२५. आमच्या प्रश्नासाठी १ जून १९०५ हा दिवस धरून झालेली राज्याची गणना म्हणजे लॉटरीच, कारण वादाचं साल नेमकं तेच.

शोधताना नावानं जायचं नाही. आधी पत्त्यावरून गणना-विभागाचा क्रमांक काढायचा. त्यासाठी स्टीव्ह मोर्स यांची नेटवरची साधनं उत्तम आहेत. मग त्या विभागाची पानं एकेक करून उलटायची. रस्त्याचं नाव पानाच्या डाव्या समासात उभं लिहिलेलं असतं. घरक्रमांक एकदाच लिहून खाली पन्नास ओळी रिकाम्या सोडलेल्या असतात, त्यामुळे पान सुटलं तर माणसं शेजारच्या इमारतीत जमा होतात. मोठी हॉटेलं पुष्कळदा रस्त्याच्या क्रमात नसतात, विभागाच्या शेवटी जोडलेली असतात. चेल्सी सापडली नाही म्हणून ‘नोंद नाही’ असं लिहून मोकळं होणं ही नवशिक्याची हमखास चूक.

पान मिळालं की वाचायचा रकाना ‘कुटुंबप्रमुखाशी नातं’. घरांच्या इमारतीत ओळी अशा जातात: प्रमुख, पत्नी, मुलगा, मुलगी, मोलकरीण, परत प्रमुख, पत्नी. हॉटेलात एकच प्रमुख, बहुधा व्यवस्थापक, आणि खाली ओळीनं ‘लॉजर’, ‘बोर्डर’, ‘गेस्ट’, मग नोकरांची रांग. चेल्सीसारख्या मिश्र इमारतीत एकाच पानावर दोन्ही नमुने भेटतात, आणि त्यांचं प्रमाण दर पाच वर्षांनी मोजलं की रूपांतराचा आलेख हाती येतो. आम्ही प्रत्येक गणनेत तीन संख्या काढतो: स्वतंत्र प्रमुख किती, त्यांच्या घरात राहणारे घरगुती नोकर किती, आणि एकटे राहणारे किती. घरगुती नोकर नाहीसे होणं ही खूण फार बोलते, कारण हॉटेलचा नोकरवर्ग आला की घरची मोलकरीण जाते. १९०० च्या तक्त्यात घर मालकीचं की भाड्याचं हेही विचारलं आहे. सभासद कोण, भाडेकरू कोण हे तिथून कळावं. पण सहकारी मालकी कुठल्या अक्षरानं लिहायची हे गणकाला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून या रकान्यावर एकट्यावर भार टाकू नये.

१९४० ची जनगणना हॉटेलांसाठी सोन्यासारखी आहे. रात्रीपुरत्या पाहुण्यांची गणना ८ एप्रिलच्या रात्री वेगळी झाली आणि त्यांची पानं ८१ या क्रमांकापासून सुरू होतात. म्हणजे वाटसरू आणि वस्तीकर आपोआप वेगळे झाले. त्यावर आणखी एक रकाना: १ एप्रिल १९३५ रोजी ही व्यक्ती कुठे राहत होती? तिथे ‘सेम हाउस’ असं उत्तर असलेली माणसं मोजायची. ज्या इमारतीला हॉटेल म्हणतात तिथे पाच वर्षांपूर्वीही तेच घर सांगणारे किती, यावरून ती नावाची हॉटेल आहे की कामाची ते कळतं. संगीतकार व्हर्जिल थॉमसन १९४० मध्ये चेल्सीत राहायला आले आणि १९८९ मध्ये मृत्यूपर्यंत तिथेच होते. एकोणपन्नास वर्षं. त्यांना पाहुणा म्हणायचं तर आपल्याकडच्या पागडीच्या घरातल्या आजोबांनाही पाहुणाच म्हणावं लागेल.

आगीच्या विम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे सगळ्यांना आवडतात, कारण ते रंगीत असतात: वीट गुलाबी, लाकूड पिवळं, दगड निळा. मजल्यांची संख्या, लिफ्ट, काचेचं छत आणि वापर (‘फ्लॅट्स’, ‘हॉटेल’) हे सगळं इमारतीच्या चौकोनातच. पण या नकाशांवर नव्या माहितीचे तुकडे छापून जुन्या पानावर चिकटवत असत. मुखपृष्ठावर एक साल, आणि ज्या चौकोनावर बोट ठेवलं आहे तो बराच नंतरचा कागद. स्कॅनमध्ये चिकटवलेल्या कडेची पुसट रेघ दिसते. ती रेघ पाहिल्याशिवाय नकाशाचं साल वापरू नये.

कागदांवर एवढा भर दिला, तरी शेवटी भिंती वाचाव्या लागतात, आणि तिथे उजेडासाठी एक टॉर्च आणि मोजपट्टी पुरते. मूळ भिंत विटांची, जाड, वरच्या-खालच्या मजल्यावर एकावर एक. नंतरचं पार्टिशन पातळ. मुठीनं ठोकलं की पोकळ वाजतं. छताच्या कडेची नक्षी पाहावी: खोली मूळची असेल तर ती चारही कोपऱ्यांत वळते, नंतर तोडलेली असेल तर तीन बाजूंनी चालते आणि चौथ्या भिंतीत घुसून पलीकडच्या खोलीत निघते. शेकोटी भिंतीच्या मध्यावर असायला हवी. कोपऱ्यात ढकलल्यासारखी दिसली तर खोलीचा तुकडा पडला आहे. दोन्ही बाजूंना समान अंतर यावं असा मूळ मध्य धरून मोजलं की तोडण्यापूर्वीची रुंदी निघते. खिडकीच्या मधोमध येऊन टेकणारी भिंत तर लपतच नाही. एकाच घराचे मार्गिकेकडे दोन-तीन दरवाजे, त्यातल्या एकाचीच चौकट जाड आणि बाकीच्या साध्या, हेही तसंच. मात्र रंगाच्या थरांवरून साल सांगायच्या फंदात प्रयोगशाळेशिवाय पडू नये.

मुंबईत वॉटसनच्या हॉटेलात हीच खूण उलट वाचावी लागते. रोलंड ऑर्डिशनं आखलेली १८६० च्या दशकातली ती ओतीव लोखंडाची इमारत हॉटेल म्हणूनच बांधली गेली, आणि हॉटेल बंद पडल्यावर तिच्या खोल्यांत कचेऱ्या आणि बिऱ्हाडं आली; पुढे ती एस्प्लनेड मॅन्शन झाली. तिथे खोल्या जोडून केलेली घरं शोधायची, माळे आणि मोऱ्या कुठे नंतर घातल्या ते पाहायचं. चेल्सीत मोठ्याचं लहान होताना जे घडलं, त्याच्या उलट इथे गरजेपुरतं, भाडेकरूंच्या हातानं घडलं.

ऐकीव गोष्टी तपासायला फार कष्ट लागत नाहीत, फक्त कुणी तपासत नाही. चेल्सी ही १९०२ पर्यंत न्यूयॉर्कमधली सगळ्यात उंच इमारत होती, असं वर्षानुवर्षं लिहिलं जातं. ट्रिब्यून बिल्डिंग १८७५ सालीच २६० फूट होती. ट्रिनिटी चर्चचा मनोरा १८४६ पासून २८१ फुटांवर. आणि १८९० ची वर्ल्ड बिल्डिंग ३०९ फूट. बारा मजल्यांची इमारत यांच्या जवळपासही येत नाही. शहरातली पहिली सहकारी इमारत म्हणावं तर रेम्ब्रँट आधीची. प्रसिद्ध पाहुण्यांच्या यादीत तर चाळण लावावीच लागते. कवी डिलन थॉमस १९५३ मध्ये इथे उतरला होता, चित्रकार जॉन स्लोन इथे अनेक वर्षं राहिला, हे पक्कं. बाकी नावांसाठी आमचा नियम साधा: त्या व्यक्तीचं चेल्सीच्या पत्त्यावरून लिहिलेलं पत्र, जनगणनेची ओळ किंवा त्याच वर्षीची वर्तमानपत्रातली बातमी, यांतलं एक तरी हवं.

मालकीच्या पुढच्या साखळीत किंमत शोधताना एक युक्ती कामाला येते. जुन्या खतांत किंमत ‘एक डॉलर आणि इतर मोबदला’ अशी लिहून खरा आकडा झाकलेला असतो. पण त्यावर केंद्र सरकारची तिकिटं लावावी लागत. १९४० पासून १९६७ अखेरपर्यंत दर होता ५०० डॉलरमागे ५५ सेंट. तिकिटांची बेरीज ५५ डॉलर आली तर व्यवहार ५० हजारांचा. यात फसगत अशी: खरेदीदारानं जुनं कर्ज आपल्या डोक्यावर घेतलं असेल तर ती रक्कम वगळून तिकिटं लागत. म्हणून गहाणखत शेजारी ठेवूनच हिशेब करावा. १९६६ नंतरचे दस्त शहराच्या ‘अ‍ॅक्रिस’ या संकेतस्थळावर ब्लॉक-लॉट टाकून फुकट पाहता येतात. अलीकडच्या खतांत माणसाचं नाव बहुधा नसतंच, त्या एका इमारतीपुरती काढलेली कंपनी असते.

वापराचं प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या भोगवटा दाखल्यासारखा कागद, न्यूयॉर्कमध्ये १९१६ पासून मिळू लागला. त्याआधीच्या इमारतीत मोठा फेरफार झालाच नसेल तर तिला प्रमाणपत्र नसतं. त्यात बेकायदा काही नाही. असेल तर त्यात मजल्यागणिक ‘क्लास ए’ आणि ‘क्लास बी’ असे आकडे असतात. १९२९ च्या कायद्याप्रमाणे ए म्हणजे कायमची वस्ती, बी म्हणजे येणारे-जाणारे. अशा इमारतींत एकाच मजल्यावर दोन्ही आकडे येऊ शकतात, तेव्हा एकूण बेरीज न करता मजल्यागणिक उतरवून घ्यावेत. ‘खोल्या किती?’ या प्रश्नाला वेगवेगळ्या पुस्तकांत इतकी वेगळी उत्तरं मिळतात, त्याचं मोठं कारण हेच: कुणी घरं मोजतं, कुणी भाड्यानं देण्याजोग्या खोल्या, कुणी भिंतींनी वेगळा झालेला प्रत्येक चौकोन.

ही वर्गवारी नुसती कागदी नाही. न्यूयॉर्कच्या भाडेकायद्यात जुन्या हॉटेलातला माणूस सहा महिने राहिला, किंवा त्यानं तेवढ्या मुदतीचा करार मागितला, की तो कायम भाडेकरू ठरू शकतो. २०११ मध्ये इमारत सुमारे ८ कोटी डॉलरला विकली गेली आणि पाहुणे घेणं बंद झालं, तेव्हा खोल्या रिकाम्या झाल्या पण बिऱ्हाडं राहिली. त्यांच्या भोवती भिंती फुटत होत्या, नळ बंद पडत होते, धूळ वर्षानुवर्षं बसत नव्हती. २०१६ मध्ये पुन्हा विक्री, आणि २०२२ मध्ये हॉटेल परत उघडलं, सुमारे १५५ खोल्यांचं. कायमचे भाडेकरू आजही त्याच जिन्यानं वर जातात.

आमच्या तक्त्यात चार उभे रकाने आहेत: चालवणारे, कायदा, भिंती, माणसं. १९०५ हे साल शाईनं फक्त पहिल्या रकान्यात लिहिलेलं आहे. दुसऱ्यात १९०१ आणि १९२९ आहेत. तिसऱ्यात प्रत्येक मजल्याला वेगळी ओळ लागली. चौथा रकाना अजून चालू आहे. त्याची पुढची भर १९६० ची जनगणना खुली होईल तेव्हा, २०३२ मध्ये.